ब्रेडेड की साधा तंगूस? दोन्ही भरपूर वापरून झाल्यावर माझं मत

गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की रीलवर ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईन, भरू का मोनो, म्हणजे ज्याला आपण आधीपासून तंगूस म्हणत आलोय तोच. मी बरीच वर्षं फक्त तंगूसवर गरवलं, मग सलग दोन सीझन हट्टाने फक्त ब्रेडेड वापरली, आणि आता दोन रॉड आणि दोन्हीवर वेगळी लाईन अशी व्यवस्था आहे. हे एकाच कंपनीच्या एकाच लाईनचं परीक्षण नाहीये, दोन प्रकारांचं आहे, कारण आधी प्रकार चुकला तर मग त्यातली सगळ्यात भारी लाईन घेऊनही काही फायदा होत नाही.

पहिलं म्हणजे पाकिटावरचा आकडा. आपण दुकानात काय करतो, पाकीट उचलतो, किती पौंडाची आहे बघतो आणि ठरवतो. 20 पौंड म्हणजे साधारण 9 किलो. आता 20 पौंडाची चांगली ब्रेडेड असते साधारण 0.23 मिलिमीटर जाड, आणि त्याच जाडीचा तंगूस घेतला तर तो जेमतेम 6 पौंडाचा येतो. तिप्पट ताकद, तेवढ्याच जाडीत! हे वाचलं की कोणालाही वाटणार, मग विषयच संपला ना, ब्रेडेडच घ्यायची. मलाही तसंच वाटलं होतं. पण तुमचे आत्तापर्यंत निसटलेले मासे एकदा आठवून बघा. सरळ ताणाने मधूनच लाईन तुटली असं किती वेळा झालं? माझ्या बाबतीत तरी फार कमी. लाईन तुटते ती गाठीत, नाहीतर दगडाच्या कडेवर, नाहीतर लाईन शाबूत राहते आणि गळच तोंडातून फाटून निघतो. या तिन्हीतलं एकही पाकिटावरचा आकडा सांगत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की लाईन निवडताना ताकद शेवटी बघा, आधी बघायचं ते दोन गोष्टी, लाईन किती ताणली जाते आणि पाण्यात ती कशाला घासणार आहे.

ताणाचं आधी सांगतो कारण सगळा फरक तिथूनच सुरू होतो. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच सलग धागा. नायलॉन 1938 साली ड्यूपाँटने जगापुढे आणलं, त्याच्या आधी रेशीम, लिनन असल्या विणलेल्या दोऱ्यांवर मासेमारी चालायची, रोज वापरून झाल्यावर त्या वाळवाव्या लागायच्या नाहीतर कुजायच्या. ब्रेडेड म्हणजे पॉलिथिलीनचेच पण अतिशय लांब रेणूंचे बारीक तंतू एकत्र विणलेले, डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही नावं पाकिटावर दिसतात ती याच तंतूंची. आता नायलॉन रबरासारखं थोडं ताणलं जातं आणि हे पॉलिथिलीन जवळजवळ ताणलंच जात नाही, तुटेपर्यंत ओढलं तरी जेमतेम तीन-चार टक्के. तंगूस मात्र तुटायच्या आधी सहज पंधरा-वीस टक्के लांबतो, काही तर त्याहून जास्त.

हे वाचून पटत नाही, हाताला कळायला पाहिजे. दहा मीटर तंगूस मोजून दाराच्या कडीला बांधा, दुसरं टोक हातात घेऊन हळूहळू मागे सरका. एक पाऊल मागे गेलात तरी दार तुम्हाला फारसं जाणवतच नाही, लाईन तेवढी लांबत राहते. मग तिथेच दहा मीटर ब्रेडेड बांधा. अर्धा वीत मागे गेलात की थेट कडी खडखडते. मी हे करून बघितलं त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की तीस मीटर लांब टाकलेल्या तंगूसवर मी एवढा जोरात झटका मारतो तरी गळ का रुतत नाही. तीस मीटरच्या नुसते पाच टक्के धरले तरी दीड मीटर होतात, म्हणजे माझा रॉड मागे जातो तेवढा सगळा प्रवास लाईनच गिळून टाकते, गळाच्या टोकापर्यंत पोचतं ते उरलंसुरलं.

त्यामुळे लांब टाकायचं असेल, तळाशी जाड ओठाचा मासा असेल, मोठा एकेरी गळ असेल, तिथे ब्रेडेडला तोड नाही. आणि चावा कळतो तो तर वेगळाच. तळाला शिसं ओढत आणताना वाळू आहे, बारीक खडी आहे का चिखल आहे हे बोटावर कळतं, माशाने नुसतं तोंड लावून सोडलं तरी टक् असं येतं. तंगूसवर इतकी वर्षं गरवून जे चावे मला कधी कळलेच नसतील ते सगळे ब्रेडेडवर कळायला लागले. पहिले काही दिवस तर मी खडीवरून शिसं अडखळलं तरी झटका मारत होतो.

पण हाच गुण उलटा बसतो. एक मोठा मासा लागला होता, बराच वेळ झुंज दिली, काठापासून पाच-सहा फुटांवर आला, पाठ दिसली, मी जाळी घ्यायला वाकलो आणि त्याने शेवटचा एक हिसका दिला. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक, मी तंगूसच्या सवयीने आवळून ठेवलेला, रॉड कडक, लाईन ब्रेडेड, तिन्हीपैकी कोणीच काही सोडलं नाही आणि गळ ओठ फाडून बाहेर. लाईन शाबूत, गाठ शाबूत, गळ सरळसुद्धा झाला नव्हता. तंगूस असता तर तो हिसका लाईनने अंगावर घेतला असता, मला याची खात्री आहे. तेव्हापासून ब्रेडेडवर ड्रॅग मी चांगलाच सैल ठेवतो आणि रॉडही जरा नरम, शेंड्याकडून छान वाकणारा घेतो. ज्यांच्याकडे एकच आणि तोही दांडक्यासारखा कडक रॉड आहे त्यांनी त्यावर ब्रेडेड भरताना दहादा विचार करा.

विशेषतः छोटे तीन टोकांचे ट्रेबल गळ लावलेले लुर, म्हणजे खोटी आमिषं, असतात ना, क्रँकबेट वगैरे, तिथे तर मला आजही तंगूसच आवडतो. बारीक गळ, माशाच्या तोंडात वरवर रुतलेला, आणि मासा डोकं झटकतोय. अशा वेळी थोडं ताणणारं काहीतरी मधे असलेलं बरं. शिवाय मासा लुर तोंडात घेतो तेव्हा घाईने झटका मारला तर ब्रेडेड त्याच्या तोंडातून लुर काढून घेते, तंगूस त्याला अर्धा क्षण जास्त देतो.

आता घासण्याचं. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ब्रेडेड एवढी मजबूत म्हणजे दगडावर पण टिकणार असं वाटतं, पण होतं उलटं. ती शेकडो बारीक तंतूंची बनलेली, ताणात असताना धारदार दगडाला लागली की एकेक तंतू कापला जातो, आणि बारीक असल्यामुळे कापायला फार काही नसतंच. 20 पौंडाची ब्रेडेड मी एका खडकाच्या कडेवर अशी गेलेली पाहिलीय की मासा फार मोठाही नव्हता. तंगूस सलग आणि जाड असतो, त्याच्यावर ओरखडा पडतो, खरखरीत होतो, पण बरेचदा मासा बाहेर काढेपर्यंत तग धरतो. म्हणून दगडधोंड्यांचं पात्र, खडकाळ तळ, शिंपल्यांचे थर असतील तिथे नुसती ब्रेडेड गळाला बांधू नका, बांधायचीच असेल तर पुढे लीडर, म्हणजे लाईन आणि गळाच्या मधला तंगूसचा तुकडा, हवाच.

आणि गवतात, कमळाच्या पानांत, दाट पाणवनस्पतीत नेमकं उलट. मरळीसारखा मासा वर बेडकाच्या आकाराचा लुर घेतो आणि थेट खाली झाडोऱ्यात घुसतो, तिथे त्याला फिरायला वेळ द्यायचाच नसतो, लगेच डोकं वर घेऊन पानांवरून ओढत आणायचं असतं. तिथे तंगूस लवचिक, तो मासा दोन फूट आत जाईपर्यंत ताणतच राहतो आणि मग देठांभोवती गुंडाळला की संपलं. जाड ब्रेडेड, 50 पौंडाच्या आसपासची, मऊ देठ अक्षरशः करवतीसारखी कापत येते. अशा जागी लीडरही नको, सरळ ब्रेडेडच गळाला. पाणी गढूळ आणि पानांची सावली, तिथे माशाला लाईन दिसते का याची काळजी मी करत नाही.

आता ब्रेडेडचे जे त्रास मला झाले ते सांगतो, कारण विकणारा हे सांगत नाही. पहिल्यांदा भरली तेव्हा मी रीलच्या रिकाम्या स्पूलवर, म्हणजे लाईन गुंडाळायच्या चकरीवर, तशीच गाठ मारून भरून टाकली. दिसायला मस्त. मग एक बऱ्यापैकी मासा लागला आणि मी हँडल फिरवतोय फिरवतोय, लाईन येतच नाही. मला वाटलं ड्रॅग गेला. ड्रॅग पूर्ण आवळला तरी तेच. नीट बघितलं तर लाईनचा सगळा गुंडा स्पूलवर जसाच्या तसा गोल फिरत होता, बांगडी मनगटावर फिरते तसा. पॉलिथिलीन इतकं गुळगुळीत असतं की धातूच्या स्पूलला धरतच नाही. उपाय अगदी साधा आहे, आधी तळाला दहा-पंधरा वेढे तंगूसचे घ्या आणि त्याला ब्रेडेड जोडा, नाहीतर स्पूलवर चिकटपट्टीचा एक वेढा मारून त्यावर भरा. तंगूसचा थर जाड दिला तर महागडी ब्रेडेडही कमी लागते, कारण बारीक लाईनने पूर्ण स्पूल भरायला खूपच लांबी जाते आणि तेवढी कधी पाण्यात जात नाही.

दुसरा त्रास वाऱ्यात होणारा गुंता. स्पिनिंग रीलवर ब्रेडेड हलकी आणि मऊ, जरा ढिली गुंडाळली गेली की पुढच्या कास्टला एक वेढा दुसऱ्याला घेऊन बाहेर येतो, गाईडपाशी, म्हणजे रॉडच्या रिंगेपाशी, गाठ बसते, आणि फेकायचा जोर मोठा असेल तर लुर एकटाच उडून पाण्यात जातो. माझा एक आवडता लुर असाच गेला. हे बरंच कमी होतं, स्पूल काठोकाठ भरायचा नाही, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवायचा, कास्ट झाल्यावर बेल, म्हणजे रीलवरची तारेची कमान, हँडलने नाही हाताने बंद करायची, आणि लाईन गुंडाळायच्या आधी बोटांनी एकदा ताणून घ्यायची. ही तिसरी सवय मला लागली आणि गुंते जवळपास थांबलेच. नवशिक्या माणसाला मात्र हे सगळं एकदम जमत नाही, आणि ब्रेडेडचा गुंता सुटायला फार वाईट, तंगूसचा निदान दिसतो कुठून कुठे गेलाय ते.

गाठींबद्दल. तंगूसवर आपण सवयीने जी क्लिंच गाठ मारतो ती ब्रेडेडवर सरकते, दिसायला घट्ट वाटते आणि जोर आला की टोक हळूच निसटतं, गळ गेला की लाईनच्या टोकाला शेपटासारखा बारीक पीळ उरतो त्यावरून ओळखायचं. ब्रेडेडला पालोमार मारा, लाईन दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून घालायची, सोपी आहे आणि अंधारातही जमते. ब्रेडेडला लीडर जोडायला सुरुवातीला डबल युनि पुरे, ब्रेडेडच्या बाजूने सात-आठ वेढे आणि तंगूसच्या बाजूने चार-पाच. एफजी गाठ त्याहून बारीक बसते आणि गाईडमधून आवाज न करता जाते, पण ती शिकायला वेळ लागतो, वाऱ्यात काठावर उभं राहून मला अजूनही ती पहिल्या फटक्यात जमत नाही म्हणून मी घरूनच बांधून नेतो. कुठलीही गाठ असो, आवळायच्या आधी थुंकीने ओली करायची. घर्षणाने तिथे लाईन तापते, आणि ब्रेडेडचा तंतू साधारण 150 अंशाच्या आतच वितळतो, नायलॉन 200 च्या वर, तरी दोन्हीला कोरडी आवळलेली गाठ मारकच.

तंगूसमध्ये दोष नाहीत असं अजिबात नाही. त्याला वळणाची आठवण राहते, महिनाभर रील कोपऱ्यात पडली की पुढच्या वेळी स्प्रिंगसारखी गोल गोल बाहेर येते आणि थंडीत तर अजूनच ताठ. भरायच्या आधी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवला तर बराच नरम होतो. शिवाय नायलॉन पाणी पितं, ओला झाल्यावर त्याची ताकद थोडी उतरते, आणि ऊन त्याला सगळ्यात जास्त खातं. गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवलेल्या रीलवरचा तंगूस दिसायला छान असतो आणि बोटांनी झटका दिला की तुटतो. म्हणून मी वर्षातून एकदा तरी बदलतो, जास्त वापर असेल तर त्याच्या आधी. जुना काढलेला तंगूस कृपा करून पाण्याच्या काठावर टाकू नका, तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. एका बगळ्याच्या पायात गुंडाळलेला आणि कातडीत रुतलेला तंगूस मी बघितलाय, तो पक्षी जवळही येऊ देईना, आम्हाला काही करता आलं नाही. मी आता बारीक तुकडे करून घरी कचऱ्यात टाकतो.

ब्रेडेड या बाबतीत टिकाऊ आहे, उन्हाचा फारसा परिणाम नाही, पाणी तंतूत शिरत नाही, वळणाची आठवण नाही. रंग उडतो पण घाबरू नका, तंतू रंग धरतच नाही, वरचा लेप असतो तो बोटांना लागून जातो, ताकदीचा त्याच्याशी संबंध नाही. पुढचे चार-पाच मीटर दोऱ्यासारखे फुलले की कापून टाकायचे. दोनेक वर्षांनी सगळी लाईन उलटी करून भरली की आतली न वापरलेली बाजू वर येते, जवळपास नवीनच.

घेताना एक जपा. माझ्याकडून एकदा अशी ब्रेडेड घेतली गेली की पाकिटावर भला मोठा पौंडाचा आकडा आणि जाडी एकदम कमी लिहिलेली, हातात घेतल्यावर मात्र ती चपटी आणि लिहिल्यापेक्षा बरीच जाड निघाली, पहिल्याच दिवशी रिंगांमधून खरखर आवाज. त्यामुळे आकड्यावर जाऊ नका, पाकीट उघडं असेल तर लाईन बोटात फिरवून बघा, गोल आणि घट्ट विणलेली आहे का. चार पदरी थोडी खरखरीत पण घासायला जरा बरी, आठ पदरी गोल, गुळगुळीत, लांब जाणारी आणि शांत. मला रोजच्या वापराला आठ पदरी आवडते. जुन्या रॉडच्या रिंगाही तपासा, आतून कापसाचा बोळा फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे चीर आहे आणि ती नवी ब्रेडेड खाऊन टाकेल.

आणि हात सांभाळा. ब्रेडेड अडकली म्हणून हाताला गुंडाळून कधीच ओढू नका, बोट कापलं जातं, खोल. लाकडाच्या छोट्या दांडक्याला चार वेढे द्या, रॉड सरळ लाईनच्या रेषेत धरा, तोंड फिरवा आणि मग ओढा. सुटलेलं शिसं गोळीसारखं मागे येतं. कापायला छोटी धारदार कात्री ठेवा, नेलकटरने ती कापली जात नाही, नुसती चघळली जाते, आणि दाताने तर तंगूसही तोडू नका.

लीडरबद्दल थोडक्यात. पाणी स्वच्छ असेल तर ब्रेडेड दोरीसारखी दिसते, पारदर्शक नाहीच ती. मी पुढे दीड-दोन हात तंगूस जोडतो, त्यात दोन कामं होतात, माशाला कमी दिसतो आणि दगडावर घासणारा भाग तंगूसचा होतो. थोडासा ताणही येतो पण एवढ्याशा लांबीत फार नाही, हिसका सहन करायला तो पुरेल अशा भ्रमात राहू नका. मोकळ्या पाण्यात वर तरंगणाऱ्या लुरला तर हा ताठ तुकडा हवाच, नाहीतर मऊ ब्रेडेड पुढच्या गळाभोवती गुंडाळते. फ्लुरोकार्बन, म्हणजे वेगळ्या प्लास्टिकचा तंगूससारखाच सलग धागा, तो पण चालतो, तो घासायला चांगला, पाण्यात कमी दिसतो आणि बुडतो, पण म्हणूनच वर तरंगणाऱ्या लुरसमोर मी तो लावत नाही.

मग घ्यायचं काय? एकच रील आहे, शिकताय, पाण्यावर तरंगणारा फ्लोट लावून किंवा तळाला आमिष टाकून बसणार आहात, तर 8 ते 10 पौंडाचा तंगूस, दुसरा विचारही नको. गाठी सोप्या, गुंता सुटतो, चुकलेला ड्रॅग माफ होतो. फ्लोटसाठी ब्रेडेड तशीही मला पटत नाही, वाऱ्यात तिचं पोट फुगतं आणि फ्लोट भलतीकडेच ओढला जातो. लुर फेकत काठाने चालणारे असाल, दिवसाला दोनशे वेळा फेकणार असाल, वाहत्या पाण्यात तळाशी गरवत असाल, तर 15 ते 20 पौंडाची आठ पदरी ब्रेडेड आणि पुढे 10-12 पौंडाचा लीडर. वाहत्या पाण्यात बारीक लाईनला प्रवाह कमी ढकलतो, त्यामुळे आधीपेक्षा हलकं शिसं टाकूनही तळ सुटत नाही, हा फायदा मला फार उशिरा कळला. पानांत आणि गवतात जाड ब्रेडेड. खडकात तंगूस, तोही जरा जाडच.

माझ्या नरम रॉडवर सध्या 20 पौंडाची ब्रेडेड आहे, दुसऱ्यावर 10 पौंडाचा तंगूस. पहिली कास्ट मारायच्या आधी गळ एखाद्या मुळीला अडकवतो आणि रॉड वाकवून बघतो, ड्रॅग कुठे सुटतो ते. ब्रेडेडच्या रॉडवर तो नेहमी अर्धा फेरा सैल करावा लागतो, हात अजून तंगूसच्याच सवयीने आवळतो.